३१ मेला निवृत्त होणाऱ्यांना खुलं पत्र

तहसील, महापालिका, बँक, कोर्ट, शाळा, भूमी अभिलेख, जिथे कुठे तुमची खुर्ची असेल, ती या ३१ मेला सोडणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

स. न. वि. वि.

तुमच्यातल्या पुष्कळ जणांची जन्मतारीख १ जून आहे. माझीही तीच. आई सांगायची, तू श्रावणातली, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची. पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावली आणि ती जन्माला चिकटली. महाराष्ट्रात अशी गुरुजींनी दिलेली तारीख घेऊन आपण किती जण नोकरीला लागलो, ते दर वर्षी ३१ मेला कळतं. कार्यालयंच्या कार्यालयं एका दिवसात रिकामी होतात. हार, नारळ, शाल, ग्रुप फोटो. यंदा ३१ तारखेला रविवार आहे, म्हणजे तुमचा निरोप समारंभ बहुधा शुक्रवारी, २९ लाच उरकेल.

मी २०२० च्या ३१ मेला निवृत्त झाले. तेव्हा लॉकडाऊन होता. समारंभ नाही, काही नाही. चाव्या दिल्या, चार्ज दिला, सही केली आणि घरी आले. अठ्ठावीस वर्षं खिडकीवर काढली होती. पहिले काही महिने दुपारी चार वाजले की चैन पडायची नाही, टपाल आलं असेल असं वाटायचं. त्या रिकामपणाबद्दल मी लिहीत नाही. तुम्हाला एक मागणं आहे, म्हणून लिहिते आहे.

सोलापूरच्या पूर्व भागात एका वाचनालयाच्या पुढच्या खोलीत दर सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी पाच ते सात आम्ही तीन-चार जण टेबल मांडून बसतो. बाहेर पुठ्ठ्यावर मराठीत आणि तेलुगूत लिहिलंय, ‘कागदपत्रांबाबत मोफत सल्ला’. कोणीही यावं, विचारावं. पैसे घेत नाही. अर्ज लिहून देतो, कुठे द्यायचा ते सांगतो, पोच आणायला सांगतो आणि पुढच्या आठवड्यात काय झालं ते विचारतो. एवढंच काम.

सुरुवात झाली २०२१ च्या डिसेंबरात. कोविडमध्ये माणूस गेलेल्या घराला ५०,००० रुपये देण्याचा आदेश सुप्रीम कोर्टातून आला होता, अर्ज ऑनलाइन भरायचे होते. आमच्या गल्लीतल्या दोन घरांतले कर्ते पुरुष गेले होते आणि दोघांच्याही मृत्यूच्या दाखल्यावर कोविडचं नाव नव्हतं. एकीने अर्ज भरला, तो नामंजूर झाला, तिने सोडून दिला. मी म्हटलं, अगं, नामंजूर झाला म्हणजे संपलं नाही, त्याच्यावर तक्रार करायला समिती आहे, तिथे टेस्टचा रिपोर्ट आणि दवाखान्याचे कागद दाखव. ती माझ्याकडे बघतच राहिली. नामंजूर झाल्यावरही पुढे काही असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्याला मात्र ते नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत असतं. माझं सगळं पत्र या एका गोष्टीभोवती आहे.

एक प्रसंग सविस्तर सांगते.

यंत्रमागावर काम करणारा एक माणूस सत्तेचाळिसाव्या वर्षी आजारपणात गेला. चार महिन्यांनी त्याची बायको आली ती रेशनकार्डातून नाव कमी करायचं विचारायला. रेशन ऑफिसात तिला कुणीतरी स्टॅम्पपेपर आणि प्रतिज्ञापत्र लागेल म्हणून सांगितलं होतं आणि तेवढ्या पैशांचीही तिची तयारी नव्हती. साड्यांच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी होती, त्यात घरातले होते नव्हते तेवढे सगळे कागद. लाईट बिल, पोरांची गुणपत्रकं, लॅमिनेशन केलेला मृत्यूचा दाखला, दवाखान्याच्या पावत्या. आमच्या टेबलावर बँकेतून निवृत्त झालेले एक कॅशियर बसतात. त्यांची सवय अशी, की समोर पासबुक आलं की विचारलेलं असो-नसो, ते शेवटची तीन पानं वाचतात. त्यांनी त्या माणसाचं पासबुक उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोट ओळीवरून खाली नेत नेत एका जागी थांबवलं. मेच्या शेवटच्या आठवड्यातली वजावट होती, ४३६ रुपये. तिच्या खालीच २० रुपये.

ते काही बोलले नाहीत. मागच्या पानावर गेले, पुन्हा त्याच ओळीवर आले. मग बाईंना विचारलं, ‘हे पैसे कशाचे कापलेत, मालकांनी कधी सांगितलं होतं का?’ ती म्हणाली, ‘बँक कापतेच की दर वर्षी, मालक लई चिडायचे.’

२० रुपये अपघात विम्याचे आणि ४३६ रुपये जीवन ज्योती विम्याचे. जीवन ज्योतीत माणूस आजाराने गेला तरी घराला दोन लाख मिळतात. खातं उघडताना कुणीतरी फॉर्मवर सही घेतली असेल, त्यालाही आठवत नसेल. बाईंना चार महिने माहीत नव्हतं, की नवरा त्यांच्यासाठी दोन लाख ठेवून गेलाय. कॅशियर दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत शाखेत गेले, दाव्याचा फॉर्म भरून दिला, दाखला आणि नॉमिनीचे कागद जोडले. दीड-दोन महिन्यांनी पैसे जमा झाले. रेशनकार्डातून नाव कमी व्हायला त्याहून जास्त दिवस लागले, तो भाग वेगळा.

यात कॅशियरांनी हुशारी काय केली? वकिली केली नाही, ओळख वापरली नाही. तीस वर्षं ज्या नोंदी करत आले, त्यातली एक नोंद वाचली. ती ओळ मी बघितली असती तर पुढे गेले असते. तुमच्यापैकी जे बँकेतून बाहेर पडताय, त्यांचं बोट बरोबर तिथेच थांबेल.

असंच नॉमिनेशनचं. खात्यावर नॉमिनी लावलेला असतो आणि तरी बायकोला सांगितलं जातं, कोर्टातून वारस प्रमाणपत्र आणा. ती वकील शोधते, हातउसने करते. नॉमिनेशन असेल तर असा हट्ट धरू नये, हे रिझर्व्ह बँकेने २००५ सालीच बँकांना कळवलंय. चार ओळींचा अर्ज, तारीख, सही, पोच, एवढ्याने ते काम होतं. पैसे नॉमिनीच्या हातात आले तरी वारसांचा हक्क त्याने संपत नाही, हेही आम्ही त्याच बैठकीत सांगतो, नाहीतर दिरा-भावजयीत नवीन भांडण.

आता आमच्या भागाबद्दल. इथल्या बायका विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, एका हातात कापलेलं पान, आणि बोलता बोलता विडी तयार. आमच्या पूर्व भागातून कितीतरी घरं पुढे कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत गेली, विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची ती वसाहत २००६ साली उभी राहिली. घर मिळालं, पण पीएफचा कागद तिथेच राहिला. कारखान्याच्या वहीत नावाला ‘अम्मा’ लागलंय, आधारवर ‘बाई’, बँकेत दोन्ही नाही. कुठे माहेरचं आडनाव, कुठे सासरचं. जन्मतारीख? कारखान्यात अंदाजे वय घातलेलं, आधारवर १ जानेवारी. तीन कागद, तीन बायका. आणि समोर बसलेली एकच, तिची पेन्शन अडलेली.

ही दुरुस्ती होते. कामगार आणि मालक दोघांच्या सहीचं एक संयुक्त घोषणापत्र असतं. कारखाना बंद पडला असेल तर ज्यांचं साक्षांकन चालतं त्यांत राजपत्रित अधिकारी आहे, पोस्टमास्तर आहे. पण हे तिला कोण सांगणार? ती तीन वेळा जाते, तीन वेळा ‘नाव मॅच होत नाही’ एवढंच ऐकून परत येते. ‘मॅच होत नाही’ हे उत्तर झालं. पुढे काय करायचं, हे त्यात कुठे आहे?

हयातीच्या दाखल्याचं तर विचारू नका. चाळीस वर्षं पानाला आणि तंबाखूला घासून या बायकांच्या बोटांच्या रेषा गुळगुळीत झालेल्या असतात. मशीनवर अंगठा ठेवतात, लाल दिवा. पुन्हा ठेवतात, पुन्हा लाल दिवा. एक मावशी मला म्हणाल्या, ‘मशीन म्हणते मी न्हाईच.’ मी त्यांचा हात हातात घेऊन बघितला. बोटाचं टोक खरोखर सपाट झालेलं होतं, कडेला तंबाखूचा तपकिरी डाग. मोबाईलवर चेहरा दाखवूनही आता हा दाखला देता येतो, पोस्टमनही घरी येऊन तो करून देतो. आणि ज्यांना पीएफची पेन्शन आहे त्यांनी नोव्हेंबरातच रांग लावायची गरज नाही, वर्षात केव्हाही दिला तरी तिथून पुढे वर्षभर चालतो. ही तीन वाक्यं सांगायला मला दोन मिनिटं लागली. त्या मावशी त्याआधी दोन दिवसांची मजुरी बुडवून रांगेत उभ्या होत्या. पीएफच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ पासून महिन्याला १,००० रुपये आहे. त्या हजारासाठी दोन दिवसांची मजुरी.

सगळ्यांचं काम होतं असं नाही, तेही तुम्हाला सांगायला हवं. एक बाई आल्या होत्या, तीस वर्षं विड्या वळलेल्या. नोंदीत सेवा निघाली नऊ वर्षं चार महिने. पेन्शनला दहा वर्षं लागतात, साडेनऊ असती तरी दहा धरली असती. बाकीची वर्षं त्या ज्याच्यामार्फत माल आणायच्या त्याने नावावर घातलीच नव्हती. जुनी कार्डं शोधली, शेजारणींना विचारलं, काही हाती लागलं नाही. पेन्शन बसत नाही, जमा आहे ती रक्कम मात्र मिळेल, असं मीच त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘बरं झालं सांगितलं. नाहीतर हेलपाटे मारत बसले असते.’ मी रात्री जेवले नाही. तरीसुद्धा खरं उत्तर मिळालं, पिशवी उचलून माणूस ताठ निघून गेला, हीदेखील आमच्या टेबलाची कमाई मी मानते.

आणि एक चूक, माझी. टेबल नवीन होतं. एका विधवा बाईंचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज मी स्वतः भरून दिला. अक्षर छान, कागद सगळे क्रमाने लावलेले. म्हटलं, जा, देऊन या. त्या देऊन आल्या. मी पोच मागायला सांगितलं नव्हतं. पाच महिन्यांनी अर्जाचा तपास केला तर अर्जच सापडेना, आणि दिल्याचा पुरावा आमच्याकडे नव्हता. नव्याने अर्ज केला तो मंजूर झाला, पण गेलेले महिने गेले. तेव्हा महिन्याला १,००० मिळायचे. ते मी माझ्या खिशातून द्यायला गेले, त्यांनी घेतले नाहीत. जिने अठ्ठावीस वर्षं आलेल्या कागदांवर आवक क्रमांक टाकले, तिने एका बाईला आवक क्रमांकाशिवाय पाठवलं. तेव्हापासून आमच्या भिंतीवर एकच पाटी आहे: ‘पोच घेतली का?’

कारण पोच म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक नाही. गोल शिक्का, तारीख, क्रमांक. तो असला की फाईल हलते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याचा बोर्ड आपण सगळ्यांनी आपापल्या कार्यालयात लावलाय. किती दिवसांत कोणती सेवा, कोणाकडे अपील, आणि विनाकारण उशीर झाला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. नकार द्यायचा तर कारणासह लेखी द्यावा लागतो. तो बोर्ड बारीक अक्षरात, जिन्याखाली लावलेला असतो. आपण त्याच्या खालून रोज गेलो. बाहेरच्या माणसाला तो वाचून दाखवणारं कुणी हवं. माहितीच्या अधिकाराचंही तेच. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस. पण प्रश्न कसा विचारायचा, ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ असं न विचारता ‘अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर केलेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी’ असं विचारायचं, हे टिपणी लिहिणाऱ्यालाच सुचतं.

मी वाचलंय, दुसऱ्या महायुद्धात इंग्लंड उतरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ ला, तिथे अशी २०० मोफत सल्ला केंद्रं एकदम उघडली होती. रेशनची पुस्तकं हरवलेली, घरं पडलेली, माणसं बेपत्ता. बाँब पडलेल्या भागात घोडे वाहून नेण्याच्या गाडीत बसूनसुद्धा लोकांनी हे काम केलं. बसणारे बहुतेक स्वयंसेवक. ती चळवळ आजही तिथे चालू आहे. आपल्याकडे तर माणसं तयार आहेत, दर ३१ मेला शेकड्याने बाहेर पडतात, आणि मग सकाळी फिरायला जाऊन कट्ट्यावर महागाई भत्त्याचा हिशेब करतात. फिरायला जाऊ नका असं मी म्हणत नाही. आठवड्याचे दोनच तास मागते आहे.

तुमच्या मनात काय येतंय ते मला ठाऊक आहे, कारण मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी तेच म्हटलंय. एक, ‘आता सगळं ऑनलाइन झालंय, आमचा काय उपयोग.’ ऑनलाइन झालं म्हणून तर तुमचा उपयोग. फॉर्म कॉम्प्युटरवाला पोरगा भरतो, पण उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहायचं आणि कोणता दाखला जोडायचा हे त्याला माहीत नसतं, आणि चुकीचा अर्ज तितक्याच वेगाने नामंजूर होतो. दुसरं, ‘कायद्याच्या भानगडीत पडायला नको.’ आम्हीही पडत नाही. कोर्टाचं काम आलं की तालुका विधी सेवा समितीकडे पाठवतो. तिथे वकील सरकार देतं. बाई असेल तर तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. कामगाराला, अपंगाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, पोलीस कोठडीतल्या माणसाला मिळतो. इतरांना आपल्या राज्यात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. १५१०० हा फोन नंबर आम्ही प्रत्येकीच्या पिशवीवर पेनाने लिहून देतो, चिठ्ठी हरवते. एक तरुण वकीलताई महिन्यातून दोनदा आमच्याकडे येऊन बसतात, तेव्हा घरगुती छळाच्या बायका मागच्या बाकावर शांतपणे थांबतात, आपली पाळी येईपर्यंत कुणाशी बोलत नाहीत.

तिसरं कारण कुणी तोंडाने सांगत नाही. आपण खिडकीच्या आत बसलो, आता बाहेरच्या बाजूने बसलो तर आतल्यांना काय वाटेल. मलाही वाटायचं. पहिल्यांदा एका बाईंसोबत एका कार्यालयात गेले, तर आतला मुलगा माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, समोर फायलींचा ढीग, एका टेबलावर तीन टेबलांचं काम. मी त्याला नीट, पूर्ण, क्रमाने लावलेला अर्ज दिला. त्याने पहिल्यांदा वर बघितलं आणि म्हणाला, ‘मॅडम, असे अर्ज आले तर आमचं निम्मं काम होतं.’ आपण आतल्यांच्या विरुद्ध नाही. त्यांच्यापर्यंत सरळ कागद पोचवतो.

शेवटी आमच्या रिकाम्या खुर्चीबद्दल. टेबलाच्या डाव्या बाजूला निवृत्त तलाठी भाऊसाहेब बसायचे. एकदा अक्कलकोट रस्त्याकडच्या एका गावातली मुलगी कागद घेऊन आली. वडील वारले होते, भावाने सांगितलं होतं, वारसनोंदीला सही लागते, कर. भाऊसाहेबांनी कागद दिव्याखाली धरला, सगळा वाचला आणि तिला म्हणाले, ‘बाळ, ही वारसनोंद नव्हे, हे हक्कसोडपत्र आहे. वारस म्हणून तुझं नाव सातबाऱ्यावर तसंही लागेल. हक्क सोडायचा असेल तर खुशाल सोड, पण काय सोडतेस ते समजून सोड.’ तिने सही केली की नाही ते आम्ही विचारलं नाही, तो तिचा प्रश्न. भाऊसाहेबांना दिवाळीपासून डोळ्यांनी नीट दिसत नाही, मुलाने पुण्याला नेलंय. तेव्हापासून सातबारा, फेरफार, गाव नमुना सहा असं जमिनीचं काही घेऊन कुणी आलं, की आम्ही एकमेकांकडे बघतो आणि नाव-पत्ता वहीत लिहून घेतो. असे कागद घेऊन आलेली माणसं त्या वहीत थांबून आहेत.

तेव्हा महसुलातून निवृत्त होणाऱ्यांना माझी आधी विनंती, मग बाकीच्यांना. सोलापुरातले असाल तर आमच्याकडे या. दुसऱ्या गावातले असाल तर आपल्या गावातलं वाचनालय, समाजमंदिर, शाळेचा एखादा वर्ग बघा. दोन खुर्च्या, एक बाक, एक वही पुरते. सुरुवातीला एकटे बसू नका, वेगळ्या खात्यातला एक तरी सोबती घ्या, कारण माणसाचा प्रश्न एका खात्यात मावत नाही. मूळ कागद कुणाचा ठेवून घेऊ नका, ओटीपी विचारू नका, आणि कुणी पेढे आणले तर सगळ्या खोलीत वाटून टाका.

यंदा १ जूनला सोमवार आहे. आमचं टेबल सोमवारी असतं. वाढदिवस गुरुजींनी दिलेला असो की खरा, संध्याकाळी पाच वाजता या. चष्मा आणा, पहिल्या दिवशी नुसतं शेजारी बसा. डावीकडची खुर्ची पुसून ठेवते.

आपली,
२०२० च्या ३१ मेला निवृत्त झालेली एक कारकून
सोलापूर